भुताचा घास

कर्जतहून मुरबाडच्या रस्त्याला लागलं की कशेळ्यापर्यंत दोन्ही बाजूंना बंगल्यांच्या स्कीमच स्कीम. मुंबईकरांचं ‘दुसरं घर’ इथे उभं राहतंय. अर्धवट बांधलेल्या प्रत्येक इमारतीच्या एखाद्या सळईला एक काळी बाहुली उलटी टांगलेली असते. मोकळे केस, पांढरे डोळे, कधी लाल चिंधीची जीभ. बिल्डर मुंबईचा, आर्किटेक्ट पुण्याचा, गिऱ्हाईक ठाण्याचं, पण बाहुलीवाचून स्लॅब पडत नाही. ब्रोशरमध्ये तेवढी ती दिसत नाही.

त्यातला एखादा बंगला पुरा होतो, बाहुली उतरते, जागा शनिवार-रविवार भाड्याने जायला लागते. मग ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात त्याच व्हरांड्यात कापसाची कोळिष्टकं लागतात, काळ्या कागदाची वटवाघळं लोंबतात आणि प्लास्टिकचा एक सांगाडा आरामखुर्चीत बसवला जातो. मुंबईहून आलेल्या मंडळींना रात्री कॉफीबरोबर काहीतरी भीतीदायक गोड हवं असतं. ते कर्जतमध्ये भाजलं जातं. निदान काही तरी आमच्या वहिनीच्या ओटीजीत भाजलं जातं.

वहिनी दहिवलीत राहते, उल्हास नदीच्या अलीकडे. २०२०च्या टाळेबंदीत घरोघरी बेकिंगची साथ आली, त्यात तीही सापडली. साथ ओसरल्यावर बहुतेकांचे साचे माळ्यावर गेले, तिचे राहिले. अन्नसुरक्षा प्राधिकरणाची छोट्या उत्पादकाची नोंदणी तिने वेळेत करून घेतली. २०११च्या नियमांनुसार तेव्हा वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना ती पुरत असे, आणि फी वर्षाला १०० रुपये होती. आधी वाढदिवसाचे केक, मग नाताळचे, मग एका फार्महाउसवाल्याने विचारलं, हॅलोवीनच्या ब्राउनी कराल का. तिने हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर मुलीला विचारलं, हॅलोवीनला नेमकं काय असतं गं.

तिच्या मुलीला ते सगळं माहीत होतं. इंग्रजी शाळेतल्या मुलांना माहीतच असतं. आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या जुन्या लोकांचा सुगीच्या शेवटचा सण, सावेन. त्या रात्री मेलेले परत येतात अशी समजूत. त्यावर पुढे ख्रिस्ती पंचांग बसलं : १ नोव्हेंबर सर्व संतांचा, २ नोव्हेंबर सर्व मृतांचा, आणि ३१ ऑक्टोबर ही संतांच्या दिवसाची आदली रात्र. इंग्लंड-आयर्लंडात त्या दिवसांत गरीब माणसं, पोरं दारोदार जात, घरातल्या मृतांसाठी प्रार्थना म्हणत आणि बदल्यात मसाल्याचा छोटा गोल केक घेत. आत्म्यांचा केक. १८४५पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळाने आयरिश माणसं अमेरिकेला लोटली आणि सण त्यांच्याबरोबर गेला. तिकडे सलगमाऐवजी भोपळा कोरायला मिळाला, तो मोठा आणि मऊ.

ब्राउनीचा या सगळ्याशी जन्माचा संबंध नाही. १८९३च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी बर्था पामर यांनी आपल्या नवऱ्याच्या पामर हाउस हॉटेलातल्या आचाऱ्यांना सांगितलं, की बायकांना जेवणाच्या डब्यात नेता येईल, केकपेक्षा लहान आणि हातात धरता येईल असं काही करा. त्यातून ती निघाली असं हॉटेलवाले सांगतात. फॅनी फार्मर यांच्या १८९६च्या पाकपुस्तकात ‘ब्राउनी’ आहे, पण तीत चॉकलेटच नाही, काकवी आहे. चॉकलेटची कृती त्याच पुस्तकाच्या १९०६च्या आवृत्तीत आली. डब्यात न्यायचा हा चौकोन भुताखेतांच्या वाटेला लागला तो केवळ रंगामुळे. काळा, मातकट, वर पापुद्रा फुटलेला. थडगं काढायला याहून बरी जमीन कुठली?

२०२४ साली मात्र तारखांनी गंमत केली. ३१ ऑक्टोबरला आपली नरक चतुर्दशी होती आणि दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन. वहिनीच्या घरी पहाटे उटणं, मोती साबण, तुळशीपाशी करीट. दुपारी ओट्यावर मार्शमेलोची भुतं. वहिनीच्या सासूबाई, म्हणजे माझी आई, दोन्ही बघत बसली होती आणि तिला त्यात विसंगत काही दिसलं नाही. मला तिचं तेव्हा नवल वाटलं. नंतर विचार केला तेव्हा वाटलं, तिचं बरोबर होतं.

करीट नीट आठवून पाहा. लिंबाएवढं, हिरव्या पट्ट्यांचं, जहर कडू रानफळ. दिवाळीच्या आधी ठाकरवाड्या-कातकरवाड्यांतल्या बायका त्याचे वाटे लावून कर्जतच्या बाजारात बसतात. अभ्यंगस्नान झालं की डाव्या पायाच्या अंगठ्याने ते चिरडायचं. ते फळ म्हणजे नरकासुर. पण चिरडून गोष्ट संपत नाही. त्याचा थेंब जिभेला लावायचा असतो. लहानपणी आम्ही त्यासाठी तोंड वाकडं करायचो आणि त्यानंतर मिळणारी करंजी कितीतरी गोड लागायची. म्हणजे आपण दरवर्षी पहाटे एका राक्षसाची चव घेतो. गोव्यात त्याच पहाटे मोठमोठे नरकासुर जाळतात. वाड्यावाड्यांतली पोरं आठवडे घालून ते बनवतात, त्यांच्या स्पर्धा होतात, बक्षिसं लागतात. अक्राळविक्राळ दात, बाहेर आलेले डोळे, रात्रभर ढणढण संगीत. तिकडच्या एखाद्या मुलाला हॅलोवीन समजावून सांगायला फार वेळ लागू नये.

तरी एक फरक आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. राक्षस आपण चाखतो, भूत नाही. भुताला आपण खायला घालतो, तेही घराबाहेर. दहीभात, त्यावर गुलाल, अर्धं लिंबू, कधी अंडं, कधी नारळ : तिन्हीसांजेला कोणीतरी ते अंगावरून ओवाळून तिठ्यावर ठेवून येतं आणि येताना मागे वळून बघत नाही. खालापूर-खोपोलीकडच्या आतल्या रस्त्यांवर अमावास्येनंतरच्या सकाळी अजूनही असा उतारा दिसतो. मोटरसायकलवाले त्याला वळसा घालून जातात. बारावीला विज्ञान घेतलेलेही घालतात. लहान मुलांना दोनच गोष्टी शिकवलेल्या असतात : ओलांडायचं नाही, आणि त्यातलं काही उचलून तोंडात टाकायचं नाही. भुताचा घास भुताचाच.

पितरांचा घासही बाहेरच. भाद्रपदात पानावर खीर, वडे, भोपळ्याची भाजी वाढून ते कौलांवर किंवा आता गच्चीवर ठेवायचं आणि कावळ्याची वाट पाहायची. पण पितर घरचे, म्हणून त्यांच्या पाठोपाठ घरचे तेच जेवतात. उताऱ्याचं तसं नाही. उताऱ्याचा धनी घरचा नसतो, निदान आपण तसं मानतो. हॅलोवीनच्या ब्राउनीने काय केलं, तर तो तिठ्यावरचा अनोळखी धनी उचलून थेट ताटात आणून ठेवला आणि पोरांना म्हटलं, खा याला.

त्यावर नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. आपले सण काय कमी आहेत, हा प्रश्न दर ऑक्टोबरला व्हॉट्सॲपवर फिरतो. फिरवणारी मंडळी नाताळचा केक चवीने खातात आणि चायनीज भेळेला देशी मानतात, म्हणून मी त्यांच्याशी वाद घालत नाही. शिवाय मराठी मुलखाला हे दिवस परके आहेत हेही खरं नाही. वसईच्या मराठी ख्रिस्ती गावांत २ नोव्हेंबरला कबरी झाडून-धुऊन फुलांनी सजवतात, संध्याकाळी मेणबत्त्या लावतात. तिथे सांगाडे नाहीत, वटवाघळं नाहीत, फक्त आपली गेलेली माणसं आहेत. हॅलोवीनचं मूळ घर ते आहे. बंगल्यातली पार्टी ही त्याची खूप दूरची, खूप उनाड भाची.

माझा प्रश्न वेगळा होता. ब्राउनीवर भूत काढायचंच, तर आपलंच का काढू नये? वहिनीला मी उत्साहाने सांगितलं, की पांढरी चादर ओढलेलं ते गुळगुळीत बाळ काय काढतेस, मुंजा काढ. शेंडी शेवयांची कर. हडळ काढ, पावलं उलटी. खवीस, गिऱ्हा, झोटिंग, यादी केवढी आहे!

यादी खरंच मोठी आहे आणि ती छापलेली आहे. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांना २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी गोळी घातली, हे आपण शाळेत शिकलो. हा जॅक्सन संस्कृत जाणणारा होता आणि लोकसमजुतींचा नाद त्याला होता, हे शाळेत फारसं कोणी सांगत नाही. मुंबई इलाख्यातल्या शाळामास्तरांना प्रश्नावली पाठवून त्याने उत्तरं गोळा केली होती. त्याच्या मृत्यूनंतर एन्थोव्हेन यांनी ती संपादित केली. कोकणाचा भाग १९१५ साली निघाला. त्यात आपल्या भागातल्या मास्तरांनी भुतांची जंत्रीच दिली आहे, कोण कशाने मेला म्हणजे काय होतो याच्या तपशिलासह.

ती जंत्री ओळीने वाचली आणि माझा उत्साह गेला. मुंजा म्हणजे मुंज होऊन सोडमुंजीआधी गेलेला मुलगा. हडळ म्हणजे बाळंतपणात, दहा दिवसांच्या आत गेलेली बाई. जखीण म्हणजे सवाष्ण गेलेली, लावसट म्हणजे विधवा गेलेली. गिऱ्हा म्हणजे बुडून मेलेला, जो पुढे पाण्याशी येणाऱ्यांना चकवतो. यातला एकही जण कल्पनेतला नाही. रायगडातल्या कुठल्याही गावात विहिरीत पडलेला कोणीतरी असतो, दवाखाना गाठण्याआधी डोलीत गेलेली कोणीतरी असते. आपली भुतं ही गावातल्या अवेळी गेलेल्या माणसांची नोंदवही आहे. वहिनीने माझं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, माझ्या माहेरी पळसदरीकडे जी काकू पहिलटकरीण असताना गेली, तिला मी चॉकलेटवर काढू का? मी विषय सोडला.

चादरवाल्या भुताचा हाच गुण. ते कोणाचंच कोणी नाही. त्याला आई नाही, सासर नाही, मरणाचं कारण नाही. म्हणून ते चावून खाता येतं.

चेटकिणीच्या बाबतीत मी आणखी कडक आहे. काळी टोकदार टोपी आणि झाडू ही विलायती चेटकीण पुस्तकातच राहिली तर बरी. आपल्या राज्यात अजून एखाद्या पाड्यावर कोणी आजारी पडलं, कोणाची म्हैस मेली, की एखादी एकटी बाई ‘भुताळी’ ठरते, मारहाण होते, गाव सोडावं लागतं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाल्यावर कुठे तो जादूटोणाविरोधी कायदा त्या वर्षाअखेर संमत झाला. कायद्याने दखल घ्यावी लागते अशा गोष्टीचा कुकी कटर मला विकत घ्यावासा वाटत नाही. वहिनीच्या यादीतून चेटकीण कटाप झाली. कोणा गिऱ्हाइकाने अजून विचारलेलं नाही.

आता भट्टीकडे वळू, कारण इथे गप्पांपेक्षा करामत जास्त आहे.

कर्जतचा ऑक्टोबर बेकिंगला अनुकूल नाही. दुपारी भाजून काढणारं ऊन, संध्याकाळी परतीच्या पावसाची एखादी सर, रात्री घाटावरून उतरणारा गारवा. शेतात कर्जत-३, कर्जत-७ अशा गावाच्याच नावाच्या भाताची कापणी चालू असते, हवेत पेंढ्याचा वास आणि दमटपणा. आणि लाइट. १९१५ साली टाटांनी खोपोलीला पाणी पाडून वीज केली ती मुंबईच्या गिरण्यांसाठी, १९२२ला भिवपुरीला दुसरं केंद्र काढलं. शंभर वर्षं या तालुक्यांतून वीज बाहेर जाते आहे आणि दहिवलीतला ओटीजी ब्राउनी अर्धी शिजलेली असताना बंद पडतो. वहिनी दार उघडत नाही. आतली उष्णता दहा-बारा मिनिटं काम करत राहते, आणि ब्राउनीला थोडं कच्चं राहणं मानवतं. केकचं अशा वेळी बोळकं होतं.

तिचं माप आठ इंची चौकोनी साच्याचं आहे. २०० ग्रॅम डार्क चॉकलेट आणि १२० ग्रॅम लोणी एकत्र वितळवायचं. २०० ग्रॅम साखर तीन अंड्यांबरोबर फिकट आणि घट्ट होईपर्यंत फेटायची. हे फेटणं टाळू नये, कारण अंड्यात विरघळलेली साखर भाजताना वर येऊन सुकते आणि त्यानेच तो तडकलेला पातळ पापुद्रा येतो. मग ३० ग्रॅम कोको, ८० ग्रॅम पीठ, चिमूट मीठ. १७५ अंशांवर २२ ते २५ मिनिटं. काडी घातली तर तिला ओलसर कण चिकटले पाहिजेत. काडी कोरडी निघाली की उशीर झाला.

पीठ मात्र ती मैद्याचं घेत नाही. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत ठाकर लोक नाचणी पिकवतात, तिचं बारीक दळून वस्त्रगाळ केलेलं पीठ घेते. केकला नाचणी नुसती चालत नाही, ग्लूटेन नसल्याने तो उभा राहत नाही. ब्राउनीला उभं राहायचंच नसतं. वर नाचणीचा तपकिरी रंग चॉकलेटला आणखी गडद करतो. मिश्रण साच्यात ओतण्याआधी २० मिनिटं तसंच ठेवायचं, म्हणजे पीठ भिजतं आणि दाताखाली कचकच लागत नाही.

दिवाळीच्या दिवसांत अर्ध्या ऑर्डरी बिनअंड्याच्या असतात. तिथे भोपळा कामाला येतो. तांबडा भोपळा वाफवून, गाळून, फडक्यात टांगून पाणी काढलेला. तीन अंड्यांच्या जागी १५० ग्रॅम. पापुद्रा येत नाही, पण मऊपणा येतो आणि भोपळ्याची चव चॉकलेटमागे लपते. गंमत अशी की भोपळा आणताना आईचा जुना नियम वहिनीला पाळावा लागतो : अख्ख्या भोपळ्यावर पहिली सुरी बाईने चालवायची नाही. दादा ऑफिसातून येईपर्यंत भोपळा ओट्यावर बसून राहतो. हॅलोवीनच्या भोपळ्याला एवढा मान शिकागोतही मिळत नसेल.

सजावटीत सगळ्यात सोपं कोळ्याचं जाळं. समप्रमाणात क्रीम आणि चॉकलेटचं गनाश ब्राउनीवर पसरायचं, ते ओलं असतानाच वितळलेल्या पांढऱ्या चॉकलेटची एकात एक वर्तुळं काढायची आणि टूथपिक मध्यापासून बाहेर ओढायची. आठ ओढी, जाळं तयार. पांढरं चॉकलेट कंपाउंड असलेलं बरं. मोर्डेची लादी कर्जतमध्येही मिळते. कोको बटरऐवजी त्यात वनस्पती तेल असतं, त्यामुळे टेंपर करायचा खटाटोप नाही आणि गरम हवेत खऱ्या चॉकलेटइतक्या लवकर ते ढासळत नाही. चव बेताची, हे खरं. पण जाळं चवीसाठी खात नाहीत. ममीच्या पट्ट्या त्याच चॉकलेटच्या, डोळे जेम्सच्या गोळ्यांचे. थडग्यासाठी मारी बिस्किटाचा अर्धा तुकडा आणि ब्राउनीच्या कडांचा चुरा म्हणजे माती. कडा अशा सत्कारणी लागतात.

भुतं हीच अडचण होती. मार्शमेलोत जिलेटिन, ते अनेकांना चालत नाही. मरँगची भुतं तिने केली. अंड्यातला पांढरा भाग आणि साखर फेटून, १०० अंशांवर दीड तास सुकवून, अगदी चित्रातल्यासारखी उभी राहिली. कर्जतच्या हवेत तासाभरात त्यांना घाम फुटला आणि संध्याकाळपर्यंत सगळी भुतं गुडघ्यावर आली.

उत्तर देवघरात पडलं होतं. लक्ष्मीपूजनाच्या साळीच्या लाह्यांबरोबर आणलेले बत्तासे. पांढरे, फुगीर, खाली सपाट, आत पोकळ. वितळलेल्या चॉकलेटचे दोन ठिपके दिले की डोळे, तिसरा लांबट दिला की वासलेलं तोंड. अंडं नाही, जिलेटिन नाही, किलोचा भाव नगण्य. एकच पथ्य : गनाशवर ते आधीपासून ठेवायचे नाहीत, खालून विरघळतात. डब्यात वेगळी पुडी द्यायची आणि गिऱ्हाइकाला सांगायचं, वाढताना बसवा. आईचं मत विचारलं. ती म्हणाली, पूजेचे वेगळे काढून ठेवा, बाकीच्यांना काय करायचं ते करा.

ऐंशी रुपयांना एक ब्राउनी, पुडीसह. पहिल्या वर्षी ती दोन बंगल्यांवर गेली. पुढे खालापूरच्या बाजूलाही जाऊ लागली, एक्स्प्रेस वेच्या अलीकडच्या छोट्या रिसॉर्टांवर. त्या पट्ट्यात भीती विकत घेणं नवीन नाही. खोपोली-पाली रस्त्यावर सांगडेवाडीला २०१३पासून इमॅजिका नावाचं थीम पार्क आहे, तिथे सलीमगड नावाचं घाबरवायचं दालन बारा महिने चालतं आणि माणसं रांग लावून किंचाळायला आत जातात. गोडाची सवयही घाटाने आधीच लावलेली : वर लोणावळ्यात कूपरचं चॉकलेट फज, बाजूला माथेरानची चिक्की. ब्राउनी त्या वाटेवर उशिरा आली, एवढंच.

स्थानिक गिऱ्हाईक मात्र मला अपेक्षित नव्हतं. बंगल्यांसाठी केलेल्यातल्या काही ब्राउनी वहिनीने शेजारच्या मुलांना दिल्या, आणि पुढच्या ऑक्टोबरात दहिवलीतल्याच आयांनी मागणी केली, शाळेच्या डब्यासाठी. त्यांनी एक दुरुस्ती सुचवली. भुताच्या डोळ्यांत चॉकलेट घालता, मग कपाळावर केशरी जेलचा एक ठिपका पण द्या. दृष्ट लागू नये म्हणून की भूत जरा शेंदूर लावलेल्या देवासारखं, ओळखीचं वाटावं म्हणून, हे कोणी नीट सांगितलं नाही. ठिपका दिल्यावर ते वेताळासारखं दिसायला लागतं, असं मी म्हटलं. वेताळ तर इथे देव आहे, त्याला खायचं कसं, असं वहिनी म्हणाली आणि ठिपका हिरवा केला.

२०२५ला तारखा पुन्हा फाकल्या. लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला झालं, भाऊबीज २३ला, आणि हॅलोवीनला आठवडा उरला. दिवाळी संपल्यावर घरोघरी अर्धा डबा बत्तासे मुंग्यांची वाट बघत पडलेले असतात. वहिनीने सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, उरलेले बत्तासे फेकू नका, माझ्याकडे आणून द्या, बदल्यात कडांचा चुरा मिळेल. तीन दिवसांत तिच्याकडे दोन स्टीलचे डबे भरले. चुरा सगळ्यांना पुरला नाही आणि एका काकूंनी त्यावरून ग्रुप सोडला.